म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत

प्रयोगासाठी पांढरे उंदीर विकत मिळतात, पण ते सगळे पोरवयाचे. नुकतेच आईपासून तोडलेले, फार तर तरुण. म्हातारा उंदीर कुणी विकत नाही. दोन वर्षं त्याला खाऊ घालून, साफसफाई करून सांभाळत कोण बसणार? ज्याला म्हातारा उंदीर हवा असेल त्याने तो आपल्या हाताने म्हातारा करायचा. त्याला घाई चालत नाही आणि मधेच काही बिघडलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मी जे सांगणार आहे ते सगळं या एका अडचणीतून झालं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. विभागाचे प्रमुख होते तेच माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. मी त्यांना सर म्हणायचे, इथेही तसंच म्हणते. उंच, जरा वाकलेले, कमी बोलणारे. शर्टाच्या खिशाला कायम खडूची पांढरी कड असायची. विषय त्यांनीच दिला, आणि तो कुठल्या पुस्तकातून आलेला नव्हता.

त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर सरकारी दवाखान्यात होते. कपाशीवर फवारणी सुरू झाली की दवाखान्यात विषबाधेची माणसं यायची. फवारणीच्या औषधाने रक्तातलं एक एन्झाइम मंदावतं. एन्झाइम म्हणजे शरीरातलं काम झपाट्याने उरकणारा पदार्थ. या एन्झाइमचं नाव कोलिनएस्टरेज. रक्त तपासायचं, ते किती मंदावलंय बघायचं, त्यावरून विष किती भिनलंय ते ठरवायचं. एकदा एक बाई आणली होती. तिने पंप हातातही धरला नव्हता, शेजारच्या वावरात तण निंदत होती. तिचं रक्त तपासलं, आकडा आला. पण तो कमी म्हणायचा की ठीक, हे डॉक्टरांना कळेना. त्यांच्याकडचा तक्ता पुरुषांचा होता. त्यांनी सरांना विचारलं, की बाईच्या रक्तात हे मुळात किती असतं? पोराच्या रक्तात किती, म्हाताऱ्याच्या किती? सरांना सांगता आलं नाही.

"आधी उंदरात बघू," सर मला म्हणाले. "नर आणि मादी. पिल्लू, तरुण, म्हातारा. तेच उंदीर, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मी हो म्हटलं. मला तेव्हा काहीही जमण्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी माझे वडील रिटायर झाले. त्यांना घरचे आणि बाहेरचे सगळेच नाना म्हणत. बोदवड स्टेशनवर ते पॉइंट्समन होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचे खटके ओढणारा माणूस. आई मी एम.एस्सी.ला असतानाच गेली होती. नोकरी संपली तसं रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागलं आणि गावात आमचं दुसरं घर नव्हतं. भाऊ कल्याणला होता. नाना आधी त्याच्याकडे गेले आणि महिन्याच्या आत ट्रंक घेऊन माझ्या दारात उभे राहिले. तिथं दाराबाहेर पाय टाकला की लोकांच्या अंगावर पडतो, एवढंच म्हणाले.

देवपुरात मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्या मिळायला वेळ लागला होता. आडनाव सांगितलं की खोली कालच दिलेली असायची. शेवटी एका विधवा बाईंनी आडनाव ऐकून घेतलं, पाणी कधी येतं ते सांगितलं आणि किल्ली हातावर ठेवली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. त्या अहिराणीखेरीज दुसरं काही बोलत नसत. नानांना खानदेशच्या पूर्वेकडची बोली, अक्कांना अहिराणी. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी मोठ्या आवाजात बोलायचे, जणू ऐकू येत नाही म्हणून कळत नाही. पुढे त्यांचं छान जमलं.

उंदीर मुंबईहून आले. रेल्वेच्या ब्रेकमधून, म्हणजे पार्सलच्या डब्यातून, चाळीसगावपर्यंत, आणि तिथून धुळ्याच्या छोट्या गाडीने आणायचे होते. नाना म्हणाले मी येतो, रेल्वेत मला कोणी अडवत नाही. आणि खरंच, चाळीसगावला त्यांनी पार्सलच्या माणसाशी दोन शब्द बोलताच जाळीची खोकी आमच्या हवाली झाली. गाडीत त्यांनी एक खोकं मांडीवर घेतलं. आत मुठीएवढी पिल्लं एकमेकांवर चढून झोपली होती. नाना बराच वेळ जाळीतून बघत राहिले. मग विचारलं, "मंग यांचं शेवटी काय होतं?"

मी हा प्रश्न येईल हे धरून होते. नाना रोज सकाळी अंघोळीनंतर बुद्धाच्या फोटोसमोर उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणत, आणि त्यातलं पहिलंच शील जीवहत्येचं. मी खोटं सांगितलं नाही. लहानपणी शेपटीतून थोडं रक्त घ्यायचं, तरुणपणी थोडं, म्हातारे झाल्यावर पुन्हा. पण त्या शेवटच्या वेळी यकृतही लागतं.

ते खिडकीबाहेर बघू लागले. जामदा गेलं, शिरूड गेलं. मग म्हणाले, "म्हणजे म्हातारं होईपर्यंत तर जगतील?"

"हो. अभ्यासच तो आहे."

"मंग ठीक आहे, माय. एवढं तरी किती जणांना भेटतं."

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्या दिवसापासून ते उंदीर त्यांचे झाले.

कॉलेजात उंदरांसाठी जागा नव्हती. प्रयोगशाळेच्या मागे पत्र्याची एक खोली होती, पूर्वी पोरं तिथे सायकली लावायची. सरांनी ती मागून घेतली. वेल्डरकडून लोखंडी जाळीचे पिंजरे करून घेतले, लाकडाच्या वखारीतून भुसा आणला. नाना पहिल्या दिवशी नुसतं बघायला म्हणून आले आणि मग रोजच येऊ लागले. कुणी त्यांना नेमलं नव्हतं. सकाळी जेवणाचा डबा घेऊन यायचे, ट्रेमधला ओला भुसा काढून नवा पसरायचे, पाण्याच्या बाटल्या धुवायचे. भिंतीला लागून डावीकडे नर, उजवीकडे माद्या. नाना त्यांना अप लाइन आणि डाउन लाइन म्हणायचे. संध्याकाळी मी विचारायचे, आज काय? ते सांगायचे, डाउनला सगळं सुरळीत आहे, अपला एकाने दुसऱ्याचा कान चावला.

एकदा मी त्यांना शेंगदाणे चारताना पाहिलं आणि चिडले. ठरलेल्या खाद्याबाहेर काही पोटात गेलं तर रक्तातले आकडे बदलतात, असं त्यांना समजावलं. त्यांनी निमूटपणे उरलेले दाणे स्वतःच्या तोंडात टाकले. पुन्हा कधी दिले नाहीत. मला खात्री आहे, कारण नाना एकदा नियम कळला की पाळायचे. आयुष्यभर त्यांनी लोकांचे जीव नियमांवर तोललेले होते.

रक्त घेण्याचे दिवस मला अजून आवडतात असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. तेव्हा आवडायचे, एवढंच. शेपटी कोमट पाण्यात धरायची, टोकाला बारीक काप, थेंब नळीत. मशीनवर फिरवून वरचं पाणी वेगळं काढायचं. त्यात तपासणीचं औषध घातलं की पिवळा रंग चढतो. एन्झाइम जितकं जोरात, तितका पिवळा गडद. तो गडदपणा यंत्रावर मोजायचा. पिल्लांच्या वेळी नर-मादीत काही फरक दिसला नाही, सगळ्या नळ्या सारख्याच. सर म्हणाले, हेच यायला हवं. तरुणपणी पुन्हा रक्त घेतलं आणि नळ्या रॅकमध्ये लावल्या, तेव्हा यंत्राची गरजच नव्हती. एक ओळ फिकी, एक ओळ हळदीसारखी.

नाना दारात उभे होते. "हे गडद कोण?"

"माद्या."

ते जवळ येऊन वाकून बघू लागले. म्हणाले, "तुझी आई असती तर म्हणाली असती, हे सांगायला औषध कशाला लागतं."

दुसरं एक एन्झाइम मी मोजत होते, फॉस्फेटेज. ते उलटं वागायचं. हाडं वाढत असतात तोवर पिल्लांच्या रक्तात ते भरपूर, वय वाढेल तसं उतरत जातं. म्हणजे तक्त्याच्या दोन रेघा मला मिळाल्या होत्या. म्हातारपणी त्या रेघा कुठे जातात, एवढंच उरलं होतं. मादीचा तो जोर टिकतो की ओसरतो? सरांना वाटत होतं, ओसरत असणार. पिल्लू असताना नर-मादी सारखे, तसेच म्हातारपणी पुन्हा जवळ येत असतील. पण हे वाटणं झालं. आम्हाला उंदीर म्हातारे व्हायची वाट बघायची होती.

त्या वाटेत काही घडलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही फार नाही. मी शिकवत होते, पेपर तपासत होते. काही स्थळं आली आणि गेली. शेवटच्या स्थळाच्या मुलाने विचारलं, की पीएच.डी. पुरी झाल्यावर तुम्ही नोकरी सोडाल ना. मी नाही म्हटलं. उंदीर मोठे झाले, जड झाले, पांढरे केस पिवळट पडले. नर मागचे पाय ओढत चालू लागले. काही माद्यांच्या पोटाखाली गाठी आल्या. थोडे मधेच मेले, पण ते आम्ही धरून ठेवलं होतं, म्हणून सुरुवातीलाच जास्त घेतले होते. नाना त्यांच्याशी आता बोलायचे. काय बोलायचे ते मी कधी ऐकलं नाही, मी आले की थांबायचे.

दुसऱ्या उन्हाळ्यात उंदीर दोन वर्षांचे व्हायला आले. सर पुढल्या वर्षी रिटायर होणार होते. मी एप्रिलमध्येच रक्त घेऊ म्हटलं, पण सरांनी हिशेब बरोबर केला होता. अतिउष्णतेने रक्तातले आकडे ढळतात. ते वयामुळे ढळले की उन्हामुळे, हे मग सांगता येणार नाही. मृग लागू दे, हवा थंड होऊ दे, मग घेऊ. मला ते पटलं होतं. आजही पटतं. दुसरं कुणी असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

खानदेशचा मे महिना बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळी नऊनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, दाराची कडी फडक्याने धरावी लागते. त्या वर्षी पाणीही चार-पाच दिवसांनी यायचं. पत्र्याच्या खोलीला आम्ही वाळ्याचा कूलर लावला होता, पत्र्यावर गोणपाटं अंथरली होती. नाना दिवसातून अनेकदा शिडी चढून त्यांच्यावर पाणी मारायचे. पाणी कॉलेजच्या विहिरीवरून आणायचं. विहीर आटत आली होती, दोर पुरायचा नाही, अक्कांनी आपला जुना दोर दिला तो त्याला जोडला.

उंदराला घाम येत नाही. तो स्वतःची लाळ अंगाला चोपडून अंग थंड करतो. तरुण उंदराला ते जमतं. म्हातारा थकतो, अर्ध्यात सोडून देतो, मग पोटावर पसरून पडतो आणि तोंडाने श्वास घेतो. नानांनी ते माझ्याआधी ओळखलं होतं. त्यांनी फडकी ओली करून पिंजऱ्यांवर टाकायला सुरुवात केली होती.

मग भागातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. वीज गेली. दुरुस्तीला माणसं आली, बघून गेली, म्हणाली नवी येईल तेव्हा बसवू. कूलर बंद, पंखा बंद. मी आणि सर वरिष्ठांकडे गेलो. एखादी पक्क्या छताची खोली द्या म्हटलं. सुट्टीत किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते गावाला गेले होते. आम्ही पिंजरे व्हरांड्यात आणले, तिथे झळा थेट लागत होत्या, म्हणून पुन्हा आत नेले. अक्कांनी माठ पाठवले. घरी नेऊ म्हटलं तर तिथेही वीज त्याच डीपीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नरांपैकी निम्मे गेले होते. मी ते वेगळे काढत होते आणि नाना विहिरीवरून बादल्या आणत होते. मी त्यांना म्हटलं, घरी जा आता, तोंड बघा कसं झालंय. ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले. अक्का डबा घेऊन आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, "नाना, इतला उनमा कोठे चालनात? बठा जराखा."

नाना उठलेच. मला म्हणाले, "म्हाताऱ्यायले कसं होतं ते तुले नाही समजणार, माय. एक बादली टाकून येतो."

ते शिडी चढले. गोणपाटावर पाणी पडल्याचा आवाज मी आतून ऐकला, पत्र्याखाली थोडी वाफही आली. मग ते उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले आणि शिडीला धरून खाली बसत गेले, जणू सावकाश बसायचंच होतं. मी जाऊन बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलं होतं. काहीतरी सांगत होते, पण शब्द नव्हते, नुसता आवाज होता. अंग इतकं तापलं होतं की हात ठेववेना. अक्कांनी उरलेला माठ त्यांच्या डोक्यावर रिकामा केला. रिक्षा मिळेपर्यंत मी त्यांच्यावर छत्री धरून उभी होते.

दवाखान्यात त्यांनी बर्फ लावला. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका, आणि त्यातच अर्धांग. उजवी बाजू गेली आहे. वाचतील, पण वाचा येईल की नाही सांगता येत नाही. मी रात्रभर तिथेच होते. उंदरांची आठवण झाली नाही असं नाही. झाली, पण दूरच्या कुणाच्या घरची बातमी आठवावी तशी.

सकाळी सर आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. नाना झोपले होते. सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग मला बाहेर बोलावलं.

"तीन राहिल्यात," ते म्हणाले.

तिन्ही माद्या होत्या. मी विचारलं नाही, पण त्यांनी सांगितलं, बाकीचे त्यांनी स्वतः कॉलेजच्या मागे पुरले. मग ते भिंतीला टेकले. त्यांच्या खिशाला तीच खडूची कड होती आणि शर्ट मातीने भरला होता. मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी तो धरून ठेवला, प्यायले नाहीत.

काही दिवसांनी नाना डोळे उघडे ठेवून पडू लागले. बोलता येत नव्हतं. भाकर म्हणायचं असलं की दुसराच काहीतरी शब्द यायचा आणि तो चुकलाय हे त्यांना कळायचं, मग तोंड फिरवायचे. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर चालवली आणि माझ्याकडे बघितलं. मला समजलं. मी त्यांना सांगितलं, "गेले, नाना. तीन आहेत." त्यांनी बोटं थांबवली. हात तसाच चादरीवर राहिला.

एकदा सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते तेव्हा ते पुटपुटू लागले. मी थांबले. बुद्धं सरणं गच्छामि, इथपासून सगळं त्यांच्या तोंडून येत होतं, एकही अक्षर न अडखळता, पाच शीलांसकट. मला वाटलं वाचा आली. पळत जाऊन नर्सला बोलावलं. ती आली, नानांना विचारलं, तुमचं नाव काय? नाना तिच्याकडे बघत राहिले, ओठ हलले आणि पुन्हा नुसता आवाज. डॉक्टरांनी नंतर समजावलं की पाठांतर मेंदूत वेगळ्या जागी असतं, ते शाबूत राहतं. त्याने बोलणं परत येईलच असं नाही. आलं नाही.

त्या तीन माद्यांचं रक्त घ्यावं असं सरांनी एकदा सुचवलं. मी म्हटलं, तिघींवरून काय सिद्ध होणार? ते म्हणाले, काही नाही. मग आम्ही तो विषय सोडला. अक्का रोज त्यांना खायला घालून येत. पावसाळ्यात एकामागून एक त्या गेल्या. शेवटची कधी गेली ते मला माहीत नाही. सगळं संपल्याचं अक्कांनीच सांगितलं, "बठ्ठं सरनं ताई." मी मान हलवली.

पुन्हा पिल्लं आणून दोन वर्षं थांबायला सरांकडे वेळ नव्हता. ते म्हणाले, पिल्लं आणि तरुण, एवढंच ठेवू, शीर्षक बदलू, प्रबंध देऊन टाकू. मी तसं लिहिलं. लिहिताना मला ठाऊक होतं की यात जे आहे ते जगाला आधीच माहीत आहे. तरुणपणी मादीचं जास्त, हे जुन्या पुस्तकांतही सापडतं. नवं जे होतं ते कॉलेजच्या मागे पुरलं होतं. तरी लिहिलं, कारण टाइप करणारा वेळेवर काम करत होता आणि सकाळ झाली की काहीतरी करावं लागतं.

वर्षभराने परीक्षकांचा अभिप्राय आला. काम काळजीपूर्वक केलं आहे, पण यातून नवीन काय कळतं? वृद्ध गटाची भर घालून प्रबंध पुन्हा सादर करावा. ते सज्जन माणूस असावेत, भाषा कठोर नव्हती. त्यांचं चुकलंही नव्हतं. सर तोवर रिटायर होऊन चोपड्याकडे आपल्या गावी गेले होते. पत्र्याची खोली पुन्हा सायकलींना दिली होती. मी अभिप्राय घडी करून कपाटात ठेवला आणि नानांना चमच्याने खिचडी भरवायला बसले. पुन्हा सादर करण्याची मुदत निघून गेली तेव्हा मला ती गेल्याचं कळलंही नाही.

पुढे मला जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात कायमची जागा मिळाली. पगार बरा होता, आणि फिजिओथेरपी करणारा माणूस घरी यायला तयार होता. त्याने काही महिने नानांचा हात वर-खाली केला, मग प्रामाणिकपणे सांगितलं की आता तुम्हीच करत जा, माझ्याने आणखी होणार नाही. मी नशिराबादच्या बाजूला घर बघितलं, तळमजल्याचं, खिडकीतून दूरवर रूळ दिसायचे. नानांना आवडेल असं वाटलं. त्यांनी एकदा बघितलं आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. आम्ही खिडकीला पडदा लावला.

ते आणखी काही वर्षं जगले. रोज सकाळी वंदना बरोबर म्हणायचे, मग दिवसभर काही नाही. कधी रागवायचे, ताट ढकलायचे. कधी माझा हात धरून ठेवायचे, मला तासाला उशीर व्हायचा. मी चाळिशीकडे झुकले होते. स्थळं यायची थांबली होती आणि त्याचं मला बरं वाटायचं, एक काम कमी. कॉलेजात मुलांना मी एन्झाइमचा धडा शिकवायचे, एक कुलूप आणि एक किल्लीचं चित्र काढून. वय आणि लिंगाप्रमाणे त्यात फरक पडतो, असं पुस्तकात नव्हतं, म्हणून मीही सांगत नसे.

नाना थंडीत गेले, झोपेत. भाऊ आला होता, भन्तेजी आले, सगळं नीट झालं. अक्का धुळ्याहून एसटीने आल्या. त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या.

त्यानंतरच्या एका पावसाळ्यात जळगावच्या बसस्थानकावर सर भेटले. मी त्यांना आधी ओळखलं नाही. फार वाळले होते, हातात पिशवी होती, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांनी नानांचं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "अरे." मग आम्ही बाकावर बसलो. चोपड्याच्या गाडीला वेळ होता. बाजूला कुणीतरी केळीच्या घडाभोवती पोतं बांधत होतं.

पिशवी मांडीवर घेत सर म्हणाले, "त्या कामाचं मी वाचलं. बाहेर कुणीतरी केलंय. म्हाताऱ्यांसकट."

"काय आलं?"

"मादीचं ओसरतं. आपल्याला वाटलं होतं तसंच."

मी म्हटलं, "म्हणजे आपलं बरोबर होतं."

"हो," सर म्हणाले. "बरोबर होतं."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. काही वाटलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांची गाडी आली. खिडकीपाशी जागा धरायला मी पुढे होऊन त्यांची पिशवी आत टाकली, ते हळूहळू चढले. खिडकीतून हात केला असेल, पण काचेवर पाणी होतं, मला दिसलं नाही. मी छत्री उघडली आणि घराकडे चालू लागले.